परदुःख शीतळ



'परदुःख शीतळ' अशी आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे. आपल्या बोटात काटा मोडला तर रात्रभर डोळ्यास डोळा लागत नाही, आणि दूरच्या मुलखात गावेच्या गावे उजाड झाल्याची बातमी वाचूनही सकाळचा चहा गोडच लागतो, हा मनुष्यस्वभाव तीत दोनच शब्दांत सांगितला आहे. मनुष्याला केवळ मनुष्य म्हणून काही हक्क आहेत, ही गोष्ट ग्रंथात लिहून ठेवणे सोपे आहे. परंतु ज्याचे हक्क हिरावले गेले तो हजारो कोस दूर असेल, त्याचा वर्ण व भाषा निराळी असेल, तर त्याच्याविषयी आपल्या अंतःकरणात कळवळा कसा उत्पन्न व्हावा? हा प्रश्न अनेक विचारवंतांना पडला. त्यांतील काहींनी उपदेश केला, काहींनी ग्रंथ लिहिले. आणि काहींनी अशी साधने योजिली की, पाहणाराने क्षणभर तरी दुसऱ्याच्या जागी उभे राहावे. आजच्या भाषणात या साधनांचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा माझा विचार आहे.

या विषयाकडे मी वळलो त्याचे निमित्त लहानसे आहे. गेल्या दिवाळीत माझ्या नातवाने माझ्या डोळ्यांवर एक काळी पेटी बांधली आणि म्हणाला, "आजोबा, आता मान फिरवून बघा." मी मान फिरविली, तो मी आमच्या माजघरात नव्हतोच! माझ्या चहूबाजूंस वाळवंट होते. पुढे तंबूंच्या व पत्र्याच्या खोल्यांच्या रांगाच रांगा. आणि थोड्या वेळाने मी एका शाळेच्या वर्गात मुलींच्या मध्ये बसलो होतो. जॉर्डन देशातील झातारी येथील सिरियन निर्वासितांची ती छावणी होती. चाळीस वर्षे ज्याने वर्गात काढली, त्याला परदेशातील तो वर्ग ओळखू येण्यास वेळ लागला नाही. पेटी काढली तेव्हा माझे डोळे ओले झाले होते, हे मी लपवीत नाही. परंतु त्यानंतर दहाच मिनिटांत मी फराळास बसलो, हेही लपवीत नाही. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, या विचारात मी इतिहासाची पाने चाळू लागलो.

या साधनाला आपण मराठीत 'आभासी वास्तव' म्हणतो. त्यातील युक्ती वाटते तितकी नवी नाही. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित निरनिराळ्या कोनांतून पाहतात, आणि मेंदू त्या दोन चित्रांची सांगड घालून वस्तूची खोली जाणतो. हे तत्त्व चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली स्पष्ट करून दाखविले आणि दोन चित्रांतून एक भरीव देखावा दाखविणारे यंत्र केले. आजच्या पेटीतही दोन भिंगे व दोन चित्रे आहेतच. भर पडली ती इतकीच की, मान जिकडे वळेल तिकडचा देखावा यंत्र तत्काळ पुढे आणते. डोक्यावर घालावयाचे व मान वळताच चित्र बदलणारे असे यंत्र अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली केले. जत्रेतल्या बायस्कोपाच्या पेटीला डोळे लावून माझ्या पिढीच्या मुलांनी आग्ऱ्याचा ताजमहाल पाहिला; त्याच पेटीचा हा शहाणा वंशज होय.

परंतु पाहणाराला देखाव्याच्या मध्यभागी नेऊन उभे करण्याची हौस त्याहूनही जुनी आहे. १७८७ साली रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने 'पॅनोरामा'चे एकस्व मिळविले. वाटोळ्या इमारतीच्या भिंतीवर आतून सलग चित्र काढावयाचे, वरून उजेड सोडावयाचा, आणि प्रेक्षकाला मधोमध उभे करावयाचे, अशी ती रचना. १७९३ साली लंडनच्या लेस्टर चौकात त्याने यासाठी खास इमारत उभारली, आणि तेथे लोकांची रीघ लागली. पुढे १८०० साली, टिपू सुलतान पडल्यानंतर एकाच वर्षाने, रॉबर्ट केर पोर्टर याने श्रीरंगपट्टणच्या हल्ल्याचे सुमारे १२० फूट लांबीचे अर्धवर्तुळाकार चित्र लंडनमध्ये मांडले. पाहणारास आपण रणांगणावरच उभे आहोत असा भास होई. पण ते चित्र जेत्यांच्या गौरवासाठी काढलेले होते. तटाच्या आत कोंडलेल्या रयतेच्या जागी उभे राहावे, असे ते पाहून कोणास वाटण्याचे कारण नव्हते. यावरून पहिला बोध असा निघतो की, भासाच्या विद्येत स्वतःचा असा धर्म नाही. ती ज्याच्या हाती जाईल त्याची चाकरी करील.

आता योगायोग पाहा. ज्या १७८७ साली बार्करला एकस्व मिळाले, त्याच साली लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली. या मंडळींपाशी ना वाटोळी इमारत होती, ना भिंगे. त्यांनी एक साधे छापील चित्र काढले. ब्रूक्स नावाचे लिव्हरपूलचे एक जहाज आफ्रिकेतून गुलाम भरून वेस्ट इंडीजकडे नेत असे. सरकारने १७८८ साली एका आरमारी अधिकाऱ्याकडून अशा जहाजांची मापे घेवविली होती. त्या मापांवरून जहाजाचा आडवा छेद काढून, त्यात माणसे कशी निजवीत ते काळ्या आकृतींनी दाखविले. प्रत्येक पुरुषाच्या वाट्याला जागा सहा फूट लांब व एक फूट चार इंच रुंद! नव्या कायद्यान्वये त्या जहाजास ४५४ माणसे नेण्याची मुभा होती. त्यापूर्वीच्या एका सफरीत त्याने ६०० हून अधिक नेली होती. म्हणजे चित्रात जितकी दाटी दिसते, तिच्याहून खरी दाटी अधिक होती.

या चित्राने जे काम केले ते हजार व्याख्यानांनी झाले नसते. टॉमस क्लार्कसन या कार्यकर्त्याने ते १७८९ साली पॅरिसला नेले. तेथील प्रसिद्ध वक्ता मिराबो याने त्यावरून लाकडाचे छोटे जहाज करविले, त्यात लहान लहान लाकडी माणसे रांगेने बसविली, आणि ते आपल्या भोजनगृहात ठेविले. इंग्लंडात विल्बरफोर्स यांच्या कामीही तशीच एक प्रतिकृती आली. ती हल शहरातील वस्तुसंग्रहालयात जतन केलेली आहे. ज्या सभासदांनी जहाज कधी पाहिले नव्हते, त्यांनी या खेळण्याएवढ्या वस्तूत वाकून पाहिले. गुलामांच्या व्यापाराचे समर्थक त्या चित्रावर रागावले. पण ते खोटे म्हणण्याची सोय नव्हती, कारण मापे सरकारी होती. तथापि, ते पाहून कायदा लगेच झाला असे मात्र नव्हे. इंग्रजांनी हा व्यापार बंद केला तो १८०७ साली, आणि आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला तो १८३३ साली. मधल्या काळात अर्ज झाले, सभा झाल्या, गुलामांच्या श्रमाची साखर घराघरांतून वर्ज्य झाली, आणि वेस्ट इंडीजमध्ये गुलामांनी स्वतः बंडे केली. चित्राने लोकांना उंबरठ्यापर्यंत आणले. पुढची वाट पायांनीच चालावी लागली.

त्या चित्रात एक उणेही होते. त्यातील शेकडो आकृतींना नाव नाही, मुद्रा नाही, तोंडात शब्द नाही. पाहणारास त्यांची कीव येते. पण कीव येणे आणि बरोबरीचा मनुष्य म्हणून ओळखणे यांत फार अंतर आहे. ते उणे त्याच १७८९ साली एका पुस्तकाने भरून काढले. गुलामगिरी प्रत्यक्ष भोगून १७६६ साली पैसे भरून स्वतःची सुटका करून घेतलेल्या ओलाउदा इक्वियानो याने आपले आत्मचरित्र लंडनमध्ये प्रसिद्ध केले. जहाजाच्या तळघरातील दुर्गंधी व आक्रोश त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितला. त्याच्या हयातीत त्या पुस्तकाच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. माप एकाने दिले, आवाज दुसऱ्याने दिला. दोन्ही मिळून साक्ष पुरी झाली.

आणि दूरचे दुःख जवळ करण्यास यंत्रच लागते असेही नाही, याचा दाखला आपल्या पुण्यातच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य व स्वार्थत्याग दाखविला, त्यांना तो अर्पण केला. ज्याच्या अंगी स्वतःच्या समाजाच्या अवहेलनेचे दुःख जिवंत होते, त्यास सातासमुद्रापलीकडील दुःख परके वाटले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'मॅजिक लँटर्न' या जादूच्या कंदिलाचे दिवस आले. काचेवरील चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठे करून दाखवावयाचे, ही त्याची रीत. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी त्यास 'शांबरिक खरोलिका' असे भारदस्त नाव देऊन आपल्या लोकांस त्याचे खेळ करून दाखविले. आपल्याकडे हा कंदील रंजनासाठी उजळत असताना, आफ्रिकेच्या कामी त्याचा एक निराळाच उपयोग झाला.

बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने १८८५ सालापासून काँगोचा अफाट मुलूख आपली खाजगी जहागीर करून ठेविला होता. तेथील लोकांकडून सक्तीने रबर गोळा करवीत. ठरलेले रबर आले नाही तर गावांवर शिपाई सुटत, आणि वापरलेल्या काडतुसांचा हिशेब म्हणून तोडलेले हात आणून दाखविण्याची अमानुष रीत पडली होती. ॲलिस सीली हॅरिस ही इंग्रज मिशनरी बाई तेथे राहत असे. १९०४ साली न्साला नावाचा एक मनुष्य पानांत गुंडाळलेले काही घेऊन मिशनच्या ओसरीवर आला. आत त्याच्या सुमारे पाच वर्षांच्या मुलीचा हात व पाऊल होते. तिला कंपनीच्या पहारेकऱ्यांनी मारले होते. बाईंनी त्या पित्याला ओसरीवर बसवून छायाचित्र घेतले. त्यात रक्तपाताचे प्रदर्शन नाही. एक बाप खाली पाहत बसला आहे, इतकेच आहे. हे व असे इतर देखावे हॅरिस दांपत्याने कंदिलाच्या साहाय्याने इंग्लंड व अमेरिकेतील सभांतून दाखविले. मार्क ट्वेनने १९०५ साली लिहिलेल्या उपहासात राजा लिओपोल्ड कॅमेऱ्यावर चरफडताना दाखविला आहे, कारण सगळे साक्षीदार विकत घेता आले तरी हा एक काही वश होईना! १९०८ साली राजाला आपली जहागीर बेल्जमच्या सरकाराकडे सोपवावी लागली. पण काँगो स्वतंत्र झाला नाही. त्यासाठी १९६० साल उजाडावे लागले. कंदिलाच्या सभांत काँगोतील माणसे पडद्यावर होती, व्यासपीठावर बहुधा नव्हती, हेही लक्षात ठेविले पाहिजे.

पुढे दोन महायुद्धे झाली, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता. तो जाऊन 'सर्व मानव' असा शब्द यावा यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसाबाई मेहता यांनी आग्रह धरिला व तो सफल झाला. एका शब्दाने अर्ध्या जगाला आत घेतले. हक्क लिहिले गेले. ते कोणाकोणाचे तुडविले जातात, हे दाखविण्याचे काम उरलेच.

ते काम आता आभासी वास्तवाने अंगावर घेतले आहे. अमेरिकेतील पत्रकार नॉनी दे ला पेन्या यांनी २०१२ साली 'हंगर इन लॉस एंजेलिस' ही कृती दाखविली. फुकट अन्नासाठी रांगेत उभा असलेला एक मधुमेही मनुष्य भुकेने कोसळतो, असा तो प्रसंग. आकृती संगणकाने केलेल्या, परंतु आवाज त्या जागी खरोखर नोंदविलेले. प्रेक्षकांतील कित्येकजण त्या नसलेल्या मनुष्याशेजारी खाली गुडघे टेकून बसले. २०१५ साली मी पाहिलेली ती झातारी छावणीची कृती आली. तीत बारा वर्षांची एक सिरियन मुलगी आपला दिवस सांगते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने ती तयार झाली व दावोस येथे धनाढ्य व अधिकारी लोकांस दाखविण्यात आली. तिचे एक निर्माते क्रिस मिल्क यांनी या साधनाला समानुभूतीचे यंत्र असे म्हटले. २०१७ साली मेक्सिकोचे दिग्दर्शक इन्यारितू यांच्या कृतीत तर प्रेक्षकाला एकट्याने, अनवाणी, वाळूवर चालावे लागे. सरहद्द ओलांडू पाहणाऱ्या निर्वासितांच्या घोळक्यात तो रात्रीच्या अंधारात उभा राही. तिला त्या वर्षी खास ऑस्कर पारितोषिक मिळाले.

यावर विचारी लोकांनी आक्षेप घेतला, आणि तो मला पटतो. निर्वासिताचे खरे दुःख वाळू, थंडी व तंबू यांत नाही. पुढे काय होणार हे ठाऊक नसणे, आणि वाटेल तेव्हा उठून जाता न येणे, यांत आहे. पेटी लावणाराला ती केव्हाही काढता येते. म्हणून पेटी काढल्यावर 'आम्हास तुमचे दुःख कळले' असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. तो मोह आवरला नाही तर दुसऱ्याचे हाल आपल्या हळवेपणाच्या करमणुकीचे साहित्य होतात. रडून हलके झालेले मन कित्येकदा काहीच करीत नाही. त्यास वाटते, आपले कर्तव्य अश्रूंतच पार पडले.

मग ही विद्या टाकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. २०१६ सालच्या दोन गोष्टी सांगतो. जर्मनीत डेटमोल्ड येथे राइनहोल्ड हानिंग या नव्वदी उलटलेल्या इसमावर खटला चालला. तो ऑश्विट्झ येथील छळछावणीत पहारेकरी होता. असल्या आरोपींचे नेहमीचे उत्तर असे की, आम्ही पहाऱ्यावर होतो, आत काय चालले ते आम्हास दिसत नव्हते. बव्हेरियाच्या पोलिसांनी जुने नकाशे, छायाचित्रे व जागेची मोजमापे यांवरून त्या छावणीची संगणकीय प्रतिकृती केली, झाडेसुद्धा जागच्या जागी लाविली. म्हणजे अमुक बुरुजावरून अमुक गोष्ट दिसत होती की नव्हती, हे त्या जागी उभे राहून पाहता यावे. त्या खटल्यात अशा प्रतिकृतीचा उपयोग झाला, आणि किमान १ लाख ७० हजार माणसांच्या हत्येस साहाय्य केल्याबद्दल न्यायालयाने त्यास पाच वर्षांची शिक्षा सांगितली. येथे कोणास रडविण्याचा हेतू नव्हता. ब्रूक्स जहाजाचे माप घेणाऱ्याचीच ही परंपरा.

दुसरी गोष्ट सिरियातील सेदनाया तुरुंगाची. तेथे बाहेरच्या कोणास प्रवेश नव्हता, आणि कैद्यांचे डोळे बांधलेले असत. लंडनची 'फोरेन्सिक आर्किटेक्चर' ही संस्था व ॲम्नेस्टी इंटरनॅशनल यांनी सुटून आलेल्या काही कैद्यांना बोलाविले, आणि त्यांना आठवणाऱ्या आवाजांवरून, म्हणजे पावलांचा प्रतिध्वनी, दारांची करकर आणि त्याहून भयंकर शांतता यांवरून, त्या तुरुंगाचा आराखडा संगणकावर उभा केला. चित्र यंत्राने काढले, पण काय काढावयाचे ते भोगलेल्यांनी सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये असद यांची सत्ता कोसळली तेव्हा त्या तुरुंगाची दारे उघडली, आणि जगाने आतल्या भिंती प्रत्यक्ष पाहिल्या.

तेव्हा या सर्व इतिहासावरून मला असे दिसते की, परदुःखदर्शनाचे कोणतेही साधन पारखताना तीन प्रश्न विचारावेत. यातील मापे खरी आहेत काय? ज्याचे दुःख आहे तो स्वतः बोलतो काय? आणि पाहून झाल्यावर पाहणारा काय करतो? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर करणाराने द्यावयाचे असते. तिसऱ्याचे उत्तर तुम्हीआम्ही.

तिसऱ्या प्रश्नापाशी मला स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. मी जुन्या मॅट्रिकचा, खेड्यातील शाळेचा मास्तर. सुमारे वीस वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गाला गुलामगिरीचा धडा शिकविताना मला ब्रूक्स जहाज आठवले. मी खडूने फरशीवर सहा फूट लांब व सोळा इंच रुंद असे चौकोन एकाला एक लागून आखले, मुलांना त्यात निजविले, आणि खिडक्या लावून घेतल्या. मुले प्रथम हसली. मग चुळबुळू लागली. मग गप्प झाली. उठल्यावर प्रत्येकजण अंग चोळीत काहीबाही सांगत होता. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र काहीच बोलेना. मी विचारले, "तुला रे त्रास नाही झाला?" तो म्हणाला, "गुरुजी, कारखान्यावर आमची कोपी एवढीच असती. सातजण निजतो. मी दाराच्या अंगाला असतो."

त्याचे आईबाप ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की तो दिसेनासा होई, तो चैत्रात उगवे. तीन वर्षे मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे फुल्या मारल्या होत्या, आणि परत आला की 'आलात का पाहुणे' म्हणून सर्वांदेखत त्याची थट्टाही केली होती. कोपी म्हणजे गुलामांचे जहाज नव्हे, हे मला कळते. त्या दोहोंची तुलना करून मी कोणाच्याच दुःखाचा अपमान करणार नाही. पण अठराव्या शतकातील जहाजाचे माप मला तोंडपाठ होते, आणि माझ्याच वर्गातील मुलाच्या निजण्याच्या जागेचे माप मी कधी विचारले नव्हते, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली.

त्या दिवाळीला मी त्याच्या आजीची समजूत घातली. तो गावीच राहिला. रात्रीचे जेवण आमच्याकडे घेई. सातवी चांगल्या गुणांनी पास झाला. त्याच वर्गातील आणखी तीन मुले मात्र नेहमीप्रमाणे गाड्यांत बसून गेली, आणि त्यांच्यासाठी माझ्या हातून काही झाले नाही. त्यांतील दोघे पुन्हा शाळेत आलेच नाहीत.

नातवाने ती पेटी काढून घेतली तेव्हा मला त्या तिघांची नावे आठवत होती. झातारीच्या छावणीतील मुलीसाठी मजसारख्या म्हाताऱ्याच्या हातून काय होणार, हा प्रश्न आहेच. पण उसाचे फड आमच्या तालुक्यापासून फार दूर नाहीत, आणि यंदाही दिवाळीनंतर गाड्या गेल्याच आहेत. चार दिवसांनी मी गावच्या शाळेत जाऊन गुरुजींकडे हजेरीपट मागितला, आणि ज्यांच्या नावापुढे फुल्या आहेत त्यांची यादी उतरून घेतली. ती अकरा नावांची झाली. त्यांतील पाच मुलांच्या आज्यांशी माझे बोलणे झाले आहे. सहा घरे अद्याप राहिली आहेत. ती उद्यापासून घ्यावयाची आहेत.